चुणी

मिहानच्या शेडमध्ये एकवीस अंश,
बाहेर शेहेचाळीस.
फ्रीझरमधून आलेलं काळं कापड
पिशवीवरचं दव वाळेपर्यंत उघडायचं नाही.
तोवर हर्षलता नंदनकर हातमोजे घालून उभी,
ऑपरेशनच्या आधी असतात तशी.

पहिला थर, शून्यावर. बसला.
दुसरा पंचेचाळीसवर. बसला.
साच्याला दोन्हीकडून पोट आहे, माठासारखं,
आणि कापड काही रबर नाही.
उभ्याआडव्याचा चौकोन तिरका होतो, अजून तिरका,
मग धाग्याला धागा भिडतो,
जागा संपते
आणि कापड वर उठतं.

"सूत लांबत नाही माय, सरकते,"
बाबा सांगायचे, गोळीबार चौकातल्या घरी.
तिथं मागाच्या खड्ड्यावर आता फरशी आहे,
फरशीवर कूलर.

एकेकटा ठेवला तर कुठलाही थर बसतो.
सगळे मिळून दाबले की
एकाला इकडून जायचं असतं, दुसऱ्याला तिकडून,
मधली राळ अजून गार,
ती कोणालाच हलू देत नाही.
सातव्याला तिनं घाई केली.
साडेपाचची बस.

आठवा, नववा, दहावा, अकरावा, बारावा.
वरून गुळगुळीत.
निर्वात पिशवी अजून गुळगुळीत करेल,
भट्टीतून निघाल्यावर तर दगडच.
फक्त आत, पाच थरांखाली,
एक धागा वाकडी वाट करून गेलेला,
आणि ज्या दिवशी भार येईल
त्या दिवशी तो सरळ वाट शोधेल.

अंगठ्याला कळलं होतं.
अंगठ्याचं कोणी रजिस्टर ठेवत नाही.

"सर, सातव्यात चुणी आहे."
प्रशिक मेंढेनं टॉर्च तिरका धरला.
"दिसून तर नाही रायली."
"दिसत नाही."
तो थोडा वेळ तिच्याकडे पाहत राहिला,
मग भिंतीवरच्या घड्याळाकडे,
मग म्हणाला, "काढा."

चिकट चर्रर्र आवाज करत पाच थर निघाले.
खाली ती होती,
तांदळाच्या दाण्याएवढी उंच,
करंगळीएवढी लांब.

नवा सातवा कापला.
या वेळी हीटर फिरवला, राळ कोमट होऊ दिली,
मधून कडेकडे, तळहातानं,
जिथं अडलं तिथं थांबून,
मागं येऊन, पुन्हा.
बाहेर हॉर्न दोनदा वाजला.

बस गेली.
थर बसला.