परस

सिन्नरच्या पूर्वेला, वावीच्याही पुढं,
जिथं ढग येतात ते दुसरीकडं निघालेले असतात,
तिथं माझी निरीक्षण विहीर.
माझी म्हणजे सरकारची.
सरकारची म्हणजे गेणूबाबा सांगळ्यांची,
कारण कठड्यावर गोधड्या त्यांच्याच घरच्या वाळायच्या.

वर्षातून चार खेपा: जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर.
कठड्यावरच्या लाल ठिपक्यापासून
खडू लावलेला टेप खाली सोडायचा,
खडू कुठवर भिजला ते बघायचं,
आकडा रजिस्टरात.
शेवटचा रकाना: शेरा.
एकतीस वर्षं मी तिथं लिहिलं, निरंक.

गेणूबाबांना मीटर पटत नसत.
"परसात सांगा. पाण्याला माणूस कळतो."
मग मी भागाकार करायचो त्यांच्याच सहा फुटांनी.
पहिल्या वर्षी, दीड परस.
त्यांनी मान हलवली,
गावाला गेलेलं माणूस सुखरूप पोचल्याचं कळावं तशी.

मग अडीच. मग चार.
एका मे महिन्यात सात, आणि तळाला
स्टीलचा तांब्या, पंधरा वर्षांपूर्वी पडलेला,
ज्याच्यापायी धाकट्या सुनेनं बोलणी खाल्ली होती.
ती वाकून बघत राहिली बराच वेळ.
काढा म्हणाली नाही.

नंतर तमिळनाडूच्या नंबराच्या गाड्या आल्या.
रात्रभर जमीन दातांसारखी खुटखुटत होती.
तीनशे फूट. पाचशे. आठशे चाळीस.
पिठासारखी धूळ बसली सगळ्यावर,
पोरांनी त्यात बोटानं नावं लिहिली.
कधी ऊन न पाहिलेलं ते पाणी
प्लॅस्टिकच्या शेततळ्यात आणून उघडं ठेवलं.
निम्मं उन्हानं नेलं.
निम्म्याची डाळिंबं झाली, खोक्यांत बसली,
समुद्र ओलांडून गेली.

कुणाला बोलू?
माझं घर नाशकात, गंगापूर रोडला.
दाढी होईस्तोवर माझा नळ चालू असतो.
गोदावरीला पूर आला की आम्ही पुलावर जातो,
दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं का,
गळ्याला लागलं का.
पाणी आम्हीही अंगावरच मोजतो.
फक्त आमच्याकडं ते चढतं.

वैशाखात वारं सुटलं की
बाबांचं वावर उठून उभं राहायचं
आणि चालू लागायचं शिर्डीच्या अंगाला, अनवाणी.
मागं मुरूम, बरगड्यांसारखा.
बांधावरचा हिवर वाळला, त्याच्या जागी वेडी बाभूळ.
"ही बरी," बाबा म्हणाले, "हिला कुणी सांगितलंच नाही
की इथं काही येत नाही म्हणून."
तेच त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

माझ्या शेवटच्या खेपेला त्यांची पणती आली मागं मागं.
ईश्वरी, तिसरीत, पुढचे दोन दात नाहीत.
"आठशे चाळीस म्हणजे किती परस?"
एकशे चाळीस.
"म्हणजे एकशे चाळीस माणसं? खांद्यावर खांदा?"
हो.
"पहिला कोण?"
मोजायला सुरुवात कठड्यापासून होते, म्हटलं.
पहिले तुझे पणजोबा. आणि त्यांच्या बरोबरीनं मी.
तिनं बोटं मोडत खाली उतरायला सुरुवात केली:
आजोबा, पप्पा, मी,
माझं बाळ, बाळाचं बाळ,
मग तिची माणसं संपली, बोटं उरली.
"मग सगळ्यात खाली कोण? त्याला जड नाही होत?"

टेप गुंडाळताना हाताला खडू लागला होता.
तो पुसला नाही, तसाच पेन धरला.
शेरा:
तळाशी एक मूल उभं आहे.
आपण सगळे त्याच्या खांद्यावर.

आवक-जावकच्या कारकुनानं न वाचता शिक्का मारला.
माझ्या जागी आलेल्या मुलीनं मात्र
रजिस्टर बंद करताना तिथं बोट ठेवलं,
आणि विचारलं, मेच्या खेपेला तुम्ही याल का सोबत.