पाचवा तुकडा

ग्लेनिस ट्रिफिट फळी घेऊन आली जुन्या टॉवेलात गुंडाळून,
ओलं पिल्लू आणावं तशी.
बापाच्या होडीच्या बुडाची फळी. ह्यूअन पाइन.
"पाच पेनं निघतील?" म्हणाली. "आम्ही पाच भावंडं."
मग जरा थांबून,
"बोलत नाही कुणी कुणाशी. पण एकोणीस तारखेला
सह्यांना यावंच लागेल. घर विकतोय."

मी टेप लावला. निघतील, म्हटलं, जेमतेम.
सहावं मागू नकोस.

इथे गीव्हस्टनमध्ये या लाकडाला कुणी घाई करत नाही.
झाडच तसं. वर्षाकाठी नखाएवढंही जाड होत नाही.
चौकोनी तुकड्याच्या टोकाला भिंग लावून वर्तुळं मोजली,
त्रेसष्ट.
माझं वय त्यात मावतं
आणि वर दोन वर्षं उरतात, करवतीला.

करवत लागली तसा वास सुटला,
नाताळच्या हॅममध्ये खोचलेल्या लवंगेसारखा.
साठ वर्षं खाऱ्या पाण्यात राहून
लाकूड काहीच विसरलं नव्हतं.

भोक पाडणं, हे खरं काम.
गिरमिट थोडं आत, मग बाहेर. कीस झटकायचा. पुन्हा आत.
रेटलं की लाकूड तापतं,
तापलं की आतून तडकतं आणि वर दिसू देत नाही.
माझा नवराही असाच होता, पण ते राहू दे.

मग पितळी नळी, मग सरस,
आणि इथे नमनालाच घडाभर तेल.
ज्या तेलानं होडी कुजू दिली नाही
तेच तेल सरस धरू देत नाही.
कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून
भोक आतून पुसायचं, आणि तेल पुन्हा वर यायच्या आत
नळी सारून मोकळं व्हायचं.

चार झाली. लेथवर फिरून फिरून
लोण्याच्या रंगाची झाली.

पाचव्यात खिळ्याचं भोक होतं.
तांब्याचा खिळा, भोवती लाकूड हिरवं पडलेलं.
पटाशी टेकवली मात्र,
तीन ठिकऱ्या. एक चष्म्यावर. एक खिडकीशी.
एक कुठेच नाही.

काठी मारल्यानं पाणी तुटत नाही म्हणतात.
ही फळी त्याच पाण्यात वाढली,
तिला कुणी हे सांगितलं नव्हतं.

फोन केला. पाचवं कुणाचं?
"रोलंडचं. तो होडीत बसायचाच नाही. उलट्या व्हायच्या.
राहू दे मग. चारच दे."

मी फोन ठेवला
आणि गुडघे टेकून भुसा चाळत बसले.
रात्री साडेनवाला तिसरी ठिकरी सापडली,
माझ्याच बुटाच्या नाडीत.

जोडली. ड्रॉवरमधलं दोन सेंटचं जुनं नाणं कानशीनं घासलं,
पूड सरसात कालवली, खिळ्याच्या भोकात भरली.
दुसऱ्या दिवशी लेथ हळू लावला, चेहरा बाजूला धरून.
धरलं त्यानं.
चौघांच्या पेनांना चकाकीचे थर दिले.
याला नुसतं मेण चोळलं, वास कोंडू नये म्हणून.

एकोणीस तारखेचं ग्लेनिसनं नंतर सांगितलं,
पैसे द्यायला आली तेव्हा, दारातच उभ्या उभ्या.
चौघांनी आपापल्या पेनानं सही केली.
रोलंड आपलं पेन नाकाशी धरून बसला. बराच वेळ.
वकिलानं दोनदा घड्याळ पाहिलं.
मग पेन खिशात ठेवून
त्यानं टेबलावरचं प्लॅस्टिकचं उचललं
आणि सही करून टाकली.

पुढे काही बोलले का एकमेकांशी,
ते मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

माझ्याकडे त्या होडीचा मूठभर भुसा आहे.
फडक्यात बांधून स्वेटरांच्या कप्प्यात ठेवलाय.
कसर लागत नाही.