रिकामं वजन

कोर्पिवारा, फिनलंड

सत्तावीस वर्षं मी या टेकडीचं वजन केलं.
ट्रक रिकामा यायचा, काट्यावर चढायचा,
मी आकडा लिहायची.
भरून यायचा, पुन्हा लिहायची.
मधली वजाबाकी म्हणजे टेकडी.

तशी उंच नव्हतीच ती. लांबट,
पांघरुणाखाली कुणी पाय सरळ करावेत तशी.
बर्फाखालून वाहणाऱ्या कुठल्याशा नदीनं
जाताना मागे टाकलेली.
दगड गोल, धुतलेले, आधीच पाखडून ठेवलेले:
इकडे वाटाण्याएवढे, तिकडे बटाट्याएवढे,
तळाला रवाळ रेती.
उर्हो म्हणायचा, निवडटिपण झालंय,
आपण फक्त उचलायचं.
आणि लोडरचं खोरं आत खुपसायचा.

कुठे गेली विचाराल तर सांगू शकते.
शाळेची नवी इमारत, चारशे बारा खेपा.
विमानतळाचा रस्ता, अख्खी तीन रजिस्टरं.
सावरीनेनच्या गोठ्याचा कोबा.
आईच्या थडग्याभोवतीची खडी, दीड टन;
ती पावती मी माझ्याच नावानं फाडली
आणि पैसे भरले.
काटा सगळ्यांना सारखा.

मग खाली पाण्याची ओल दिसली
आणि परवाना संपला.

पहिल्या वर्षी वरची काळी माती खरवडून
कडेला रचली होती.
तिच्यावर बर्च उगवले. आम्ही तिला बांध म्हणायला लागलो,
दुपारची कॉफी तिथेच बसून प्यायलो,
ती कुणाची तरी सोललेली साल आहे
हे विसरून.

आता उर्हो बांध फोडतो.
माती पसरतो, इथे वीतभर, तिथे दीड वीत,
भाकरीवर लोणी लावावं तसा, कडेपर्यंत.
मागे येताना लोडरचा भोंगा वाजतो;
त्याचे कान गेलेत,
आम्हा बाकीच्यांना ऐकावा लागतो.

माझी खोली अजून काट्यापाशी आहे.
काम नाही.
माती काट्यावरून जात नाही.
ऑफिसला एकदा फोन करून विचारलं, हिची नोंद कुठे करू?
हसले.
परत येणाऱ्याची पावती फाडत नाहीत.

जूनमध्ये तपासनीस आली, साइमी नावाची,
चिखलाचे बूट, घडी पडलेला नकाशा.
नकाशात उतार ठरलेला, एकास तीन,
सगळीकडे.
उत्तरेची भिंत तेवढी उभी, ताठ,
आणि तिच्यात भोकं, मूठ जाईल एवढी.
प्रत्येकातून एक भिंगरी आत, एक बाहेर.

ही शेवटी घेणार होतो, उर्हो म्हणाला
बुटाकडे बघत.
गेल्या वर्षीही हेच म्हणाला होतास,
हे मी बोलले नाही.
एप्रिलच्या एखाद्या रविवारी तो एकटा यायचा
आणि ती भिंत नव्यानं कापायचा.
जुनी ढासळते, त्यांना ताजी लागते.
ती रेती माझ्या काट्यावर कधी आली नाही.

टेकडी होती तेव्हा त्या नव्हत्या,
हे कोणत्या रकान्यात लिहायचं
मला माहीत नाही.

साइमी बराच वेळ वर बघत राहिली.
मग नकाशा गुडघ्यावर ठेवून काही खोडलं,
रबराचा कचरा फुंकून उडवला.
काय लिहिलं ते आम्ही विचारलं नाही.

काल पाइनची रोपं आली, ट्रे भरभरून.
ड्रायव्हर नवा पोरगा. मी खिडकीतून हात केला:
चढव काट्यावर.
तो चढला. मी लिहिलं.
तासाभरानं रिकामा परतला, पुन्हा चढवला.
मधली वजाबाकी दोनशे साठ किलो,
पाणी शिंपडलेलं धरून.

पावती फाडली. नावाची जागा कोरी.
उर्होनं दुरूनच विचारलं, काय आहे?
ओरडून सांगितलं तरी कळेना,
तेव्हा हातातच दिली.
त्यानं चष्मा लावून वाचली, दोनदा,
आणि घडी करून टोपीत ठेवली.