कंपाइलरचा कंपू

ग्वाल्हेरात कंपू म्हणजे आमच्या पॉलिटेक्निकचा मोहल्ला,
पत्त्यात येतो, टेम्पोवाल्याच्या हाकेत येतो.
आईच्या मराठीत कंपू म्हणजे टोळकं.
“आला तुझा कंपू,” म्हणायची ती
आणि पोहे जास्त भिजवायची.

आज शनिवार, लॅब रिकामी. चौदा मशिनं,
प्रत्येकात उरलेली जागा सहा जीबी, काहींत तीही नाही.
पडद्यावर यादी, प्रत्येक नावापुढे चौकोन.
पहिला कंपाइलरचा. खूण आधीच केलेली, करड्या रंगात,
ती पुसता येत नाही.
लग्नाला येणार का, असं नवरदेवाला कोण विचारतं?
वऱ्हाड कोणतं न्यायचं, ते तेवढं माझ्यावर.

भदौरिया सर दारातूनच म्हणाले,
“घाटपांडे मॅडम, सिर्फ कंपाइलर डालिए, पेपर में वही आता है।”
आणि चहाला गेले.

डीबगर.
गेल्या साली फूलवती कुशवाह, भिंडची, होस्टेलवाली.
तिचा प्रोग्राम तीन दिवस कुठेतरी मरत होता
आणि कुठे ते सांगत नव्हता.
डीबगर नव्हता. जागा नाही म्हणून मीच टाकला नव्हता.
मग तिने दर चार ओळींनंतर एक वाक्य छापलं:
यहाँ तक ठीक. यहाँ तक ठीक.
अंधाऱ्या जिन्यात पायाने पायरी चाचपावी तसं.
चूक सापडली. वाक्यं खोडली. एक राहिलं.
तोंडी परीक्षेला जबलपूरचे परीक्षक,
तिने एंटर दाबलं, आणि उत्तराच्या आधी
पडदा म्हणाला, यहाँ तक ठीक.
परीक्षक हसले. ती हसली नाही.
मी रजिस्टर भरत होते, मान वर केली नाही.

खूण.

मेक. आधी काय, मग काय, हे लक्षात ठेवणारा,
चारांतली एक फाईल बदलली तर उरलेल्या तिघींना न छेडणारा.
सासूबाईंना पटला असता:
आमटीत मीठ कमी म्हणून
पोळ्या पुन्हा लाटायच्या नसतात.
खूण.

मदतीची पानं, तीनशे एमबी. शोभेची वाटतात,
पण दुपारी नेट जातं आणि कधी येईल
ते नेटलाच ठाऊक. खूण.

जुन्या आवृत्त्या सांभाळणारं ते एक:
हेमेंद्रचा पेनड्राइव्ह पाहिलाय मी.
फायनल, फायनल दोन, असली फायनल, मॅडमवाली फायनल.
मॅडमवालीत मी सांगितलेला बदलच नव्हता.
खूण.

मोठा रंगीत एडिटर, सरांचा लाडका.
एक बटण दाबा, सगळं होतं,
काय झालं ते कळत नाही.
सहांतले चार जीबी तोच खाणार. नाही.

प्रोफाइलर, वेळ कुठे जातो ते मोजणारा.
आमच्या मुलांचे प्रोग्राम डोळा लवायच्या आत संपतात.
वेळ जातो तो टेम्पोत, फीच्या रांगेत.
राहू दे.

तळाशी बारीक अक्षरांत: हे नंतरही जोडता येईल.
खिडकीची जाळीही नंतरच बसवायची होती,
दोन हजार अकरापासून कबुतरं येतायत.

नवव्या मशिनवर, एकाहत्तर टक्क्यांवर, लाइट गेली.
यूपीएस कोकलला, दमला, गप्प झाला.
पुन्हा पहिल्यापासून.

चौदावं कोपऱ्यातलं, पंख्याचा वारा न पोचणारं,
तिथे कुणी बसत नाही.
कुणाच्या तरी लग्नाचे फोटो होते त्यात, आणि गाणी.
पुसली. अकरा जीबी निघाले.
तिथे सगळे चौकोन भरले, प्रोफाइलरसकट.
कधीतरी कुणी विचारेल, मॅडम, ये इतना धीरे क्यों चलता है?
तेव्हा बोट दाखवायला एक कोपरा असावा.

साडेपाचला कुलूप.
जिन्यात भदौरिया सर. “हो गया?”
“हो गया, सर. कंपाइलर डाल दिया।”
खोटं नव्हतं.
नाव नवरदेवाचंच घेतात,
वऱ्हाडाची शिरगणती कुणी जिन्यात देत नाही.