हजेरीपट

ब्लफच्या धक्क्यावर, कालवांच्या शेडमध्ये
डझनांचा हिशेब माझ्याकडे.
बावीस वर्षं. कुणाची सुरी
कुठल्या दिवशी बोथटते, मला पाठ.

मेरेआना सगळ्यांत चपळ.
म्हणजे मार्चपर्यंत.
एप्रिलात तिचे डझन घटले,
मेमध्ये तीनदा उशीर, एकदा आलीच नाही.
मी नियमाप्रमाणे पत्र टाइप केलं:
आपल्या निदर्शनास आणून देण्यात येते की.
सही केली, पाकीट चिकटवलं.
तिनं ते डाव्या हातानं घेतलं.
ती डावखुरी नाही.
एवढं माझ्या लक्षात आलं,
आणि मी चहा प्यायला गेलो.

पुढच्या आठवड्यात ती दारात उभी राहिली,
एप्रनसकट, बुटांतून पाणी निथळत.
"पगार दुसऱ्या खात्यात टाकता येईल?"
का, हे माझ्या ओठांवर आलं होतं.
मी नुसता फॉर्म काढून दिला.
मग तिनंच दार लोटून घेतलं
आणि नाव सांगितलं.

ग्लेन. आमचाच. फोर्कलिफ्टवरचा.
माझा ट्रेलर त्यानं फुकट दुरुस्त करून दिलेला.

मी म्हटलं, तुला रात्रपाळी देऊ?
की पलीकडच्या शेडमध्ये टाकू?
ती म्हणाली, "मी का?"

दोन अक्षरं.
इतकी वर्षं पाळ्या लावतोय,
हे कुणी विचारलं नव्हतं.

इन्व्हरकार्गिलहून लिंडसे आली, फाइल घेऊन.
दहा दिवसांची भरपगारी रजा कायद्यातच आहे, म्हणाली.
तो कागद आमच्या भिंतीवर होता,
त्यावर कँटीनचं दरपत्रक टाचलेलं, मीच.
रकान्यात कारण काय लिहू?
"रजा," मेरेआना म्हणाली. "नुसतं रजा."

ग्लेनला शीतगृहात हलवलं, शहरातल्या.
घर मोडतोयस, तो मला म्हणाला.
पबमध्ये माझ्या शेजारची खुर्ची
महिनाभर रिकामी राहिली.
तिची गाडी आता दिव्याखाली, माझ्या जागेवर.
फोन आला की सिआले सांगते,
"कामावर कोण आहे ते आम्ही सांगत नाही,"
चाळिसाव्यांदाही
पहिल्यांदा सांगितल्यासारखं.

एकदा मी कालव हातात घेऊन म्हणालो,
जोर लावला तर शिंपला फुटतो, बिजागरी शोधावी...
"पुरे," ती म्हणाली. "मी कालव नाही."

ऑगस्ट. हंगाम संपत आला.
तिचे डझन अजून पूर्वीइतके नाहीत.
ऑफिसातून विचारणा होते.
मी लिहितो: माहीत आहे.

काल ते पत्र फाइलमधून काढून फाडायला घेतलं.
ती सुरी धुत होती. वर न बघता म्हणाली,
"राहू दे तिथंच.
तुझी सही आहे त्यावर."