झाकण

बाबा रात्रपाळीला होते,
डर्बनच्या गोदीत, साखरेच्या गुदामावर.
एक खुर्ची, एक काठी, एक शिट्टी.
डोळा लागला की नोकरी गेली,
म्हणून हातांना काहीतरी चाळा हवा.

टेलिफोनची माणसं खांबावरून उतरताना
तारेचे तुकडे खालीच टाकून जायची.
वीतभर, दीड वीत. लाल, पिवळे,
एखादा निळा, अंगावर पांढरी पट्टी असलेला.
बाबा ते काठीला गुंडाळत बसायचे.
उजाडेपर्यंत मूठ रंगीत व्हायची.

ज्या तारेतून सगळं शहर बोलायचं
तिची ही उरलीसुरली शेपटं.
आमच्या वस्तीत एकच फोन होता, दुकानात,
काउंटरच्या पलीकडे.
आणि काउंटरच्या पलीकडे आम्ही जात नसू.

मग एका हिवाळ्यात त्यांनी झाकण विणलं.
ज्वारी आंबते त्या काळ्या मडक्यावरचं, इम्बेंगे.
आई ते ताडाच्या पात्यांचं विणायची,
पाती उकळून, वाळवून, दातांनी चिरून.
तिने तारेचं झाकण उलटंपालटं करून पाहिलं,
नाकाशी नेलं.
"याला श्वास नाही," म्हणाली.
"पितर मागच्या भिंतीशी येऊन बसतात.
हा वास आला तर दारातूनच परत जातील."
आणि ते भोपळ्याच्या बियांवर टाकलं,
कोंबड्यांपासून.

आता मी विणते.
वाडगा पालथा, मधोमध पहिला वेढा, मग बाहेर बाहेर.
चुकलं की सात फेऱ्या उसवायच्या,
आणि उसवलेली तार वाकडीच राहते,
तिला आधीची जागा आठवते.

तार रिळांत येते, कारखान्यातून, किलोवर.
वीस रंग, उधारी बंद.
जुनी तार घरात सापडली तर पोलीस विचारतात, कुठून?
फानोझीच्या पोराला असंच नेलं,
नदीकाठी जाळत होता, तांब्यासाठी.
सुंभ जळतो, पीळ जात नाही म्हणतात.
मी पाहिलं ते तांबं, राखेत,
प्लॅस्टिक गेलं तरी एकमेकांना आवळूनच होतं.
आतली बोलणी कुठे गेली, कोण जाणे.

गॅलरीच्या अनेलीनबाई विचारतात,
"तार टाकाऊच ना, बाजाबुलिले?
लोकांना टाकाऊ आवडतं."
रिळांची पावती माझ्या ओच्यात होती, चार आकडी.
मी म्हटलं, हो.
टाकाऊच. आमच्याकडे दुसरं काय असतं.

त्यांनी नंतर फोटो पाठवला.
कुठल्या तरी थंड गावात, पांढऱ्या भिंतीवर
माझं झाकण उभं टांगलेलं,
वर दिवा, खाली पाटी,
पाटीवर माझं नाव, एक अक्षर गाळून.
मडकं कुठेच नाही.
फोटो आईला दाखवला.
तिने तो बराच वेळ पाहिला.
"काय झाकलंय त्यानं?"

बाबांना जाऊन वर्ष झालं
तेव्हा त्यांना घरी आणायचं होतं, रीतीप्रमाणे.
आईने ज्वारी भिजवली, मोड आणले, दळली,
तीन दिवस कोणाला जवळ फिरकू दिलं नाही.
मडकं मागच्या भिंतीशी, अंधारात.
ताडाची तीन झाकणं खुंटीला होती, तिच्याच हातची.
ती उठली, पडवीत गेली,
भोपळ्याच्या बिया सुपात ओतल्या,
ते तारेचं झाकण राखेने घासलं, धुतलं,
आणि मडक्यावर ठेवलं.

"श्वास?" मी विचारलं.

"घट्ट विणणारा माणूस नव्हता तो," आई म्हणाली.
"पेंगायचा. बघ,
प्रत्येक डुलकीला एक फट आहे."

पहाटे मी बत्ती घेऊन गेले.
लाल तारेत, पिवळ्या तारेत,
त्या पांढऱ्या पट्टीच्या निळ्या तारेत
फेस वर आला होता, फटीफटीतून,
बारीक आवाज करत.
मी पुसायला पदर पुढे केला.
आईने हात धरला.
"बोलू दे," म्हणाली.