पाच दिवसांची मुदत

वास्कोत, बंदरामागच्या गल्लीत,
खलाशी भरतीच्या कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर
रात्रपाळीला मी आणि सर्व्हर.
कीबोर्डवर कोळशाची भुकटी.
रांगेत एकशे बारा मेल.
बहुतेक सुटतील सकाळपर्यंत;
एक अडकलाय मंगळवारपासून.

पाठवणार: एस्पेरान्सा, चिखली.
घेणार: जहाजावरचा तिसरा इंजिनियर.
वजन चार केबी.
आत काय, ते मी उघडत नाही.
डिचोलीच्या पोस्टमनाचा मुलगा मी;
बाबांनी पाकीट कधी उन्हाकडे धरलं नाही.

जहाज उपग्रहाच्या नजरेबाहेर कुठेतरी.
सर्व्हर दार ठोठावतो.
उत्तर येतं: आत्ता नाही, नंतर या.
पंधरा मिनिटांनी जातो, मग तासाने,
मग चार तासांनी.
नकाराचं वाईट वाटत नाही त्याला,
फक्त खेपा विरळ होत जातात.

उद्या पाच दिवस भरतील.
मग नियमाप्रमाणे मेल माघारी,
सोबत इंग्रजीत एक कोरडी दिलगिरी,
जी एस्पेरान्सा वाचेल
आणि भलतंच समजेल.

पहाटे तीनला मी एक ओळ बदलली:
पाचाच्या जागी दहा.
कुणाला विचारलं नाही.

सातव्या दिवशी, पाच वाजून आठ मिनिटांनी
नोंद उमटली: स्वीकारला.
रांग एकाने कमी.

स्वीकारला म्हणजे वाचला नव्हे,
ठाऊक आहे मला.
बाबांनाही होतं. तरी
दाराखालून पत्र सरकवल्यावर
ते जरा थांबायचे,
आतल्या चपलांचा आवाज ऐकायला.